मेट्रो खराडीपर्यंत येईल. खराडीच्या आत कधी?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ या एकाच वर्षात खराडीला स्पर्श करणाऱ्या दोन मेट्रो मार्गिकांना मंजुरी दिली. पूर्व पुण्याला ज्याची दीर्घकाळ प्रतीक्षा होती, ते निदान कागदावर मिळाले. मात्र मेट्रो किती किलोमीटर धावली यावरून तिची उपयुक्तता ठरत नाही. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंतचा प्रवास किती सुकर झाला, यावर ती ठरते. या कसोटीवर खराडीचा प्रश्न अद्याप अर्धाच सुटला आहे.

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्राची मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. वनाज ते रामवाडी ही त्यातील पूर्व-पश्चिम मार्गिका. तिचा वनाज ते गरवारे महाविद्यालय हा पहिला भाग ६ मार्च २०२२ रोजी, रुबी हॉलपर्यंतचा दुसरा भाग १ ऑगस्ट २०२३ रोजी आणि रामवाडीपर्यंतचा अखेरचा भाग ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. मंजुरीपासून रामवाडीला गाडी पोहोचण्यास सव्वासात वर्षे लागली. पण रामवाडी हे स्थानक अशा ठिकाणी आहे, की जेथे मेट्रो संपते तेथूनच नगर रस्त्यावरील खरी गर्दी सुरू होते. विमाननगर, चंदननगर, खराडी आणि वाघोली ही सारी वस्ती शेवटच्या स्थानकाच्या पलीकडे राहिली.

ही उणीव दूर करणारा पहिला निर्णय २५ जून २०२५ रोजी झाला. वनाज ते चांदणी चौक हा १.१२ किलोमीटरचा आणि रामवाडी ते वाघोली (विठ्ठलवाडी) हा ११.६३ किलोमीटरचा, असे दोन विस्तार केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केले. दोन्ही मिळून १३ स्थानके आणि ३,६२६ कोटी रुपयांचा खर्च. त्यांतील ११ स्थानके एकट्या पूर्वेकडील विस्तारावर आहेत. दुसरा निर्णय २६ नोव्हेंबर २०२५ चा. खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला ही चौथी मार्गिका आणि नळस्टॉप–वारजे–माणिकबाग ही तिची जोडमार्गिका यांना मान्यता मिळाली. ३१.६ किलोमीटर लांबी, २८ उन्नत स्थानके आणि ९,८५७ कोटी रुपये असा हा प्रकल्प आहे. पहिल्या कामासाठी चार वर्षे आणि दुसऱ्यासाठी पाच वर्षे, अशी मुदत सांगण्यात आली आहे.

महामार्गाकडचे खराडी, नदीकडचे खराडी

खराडी हे एक नाव असले, तरी वाहतुकीच्या दृष्टीने ती दोन गावे आहेत. एक नगर रस्त्याला लागून असलेले, चंदननगरच्या बायपास चौकापासून वाघोलीच्या दिशेने पसरलेले. दुसरे मुळा-मुठेच्या काठाकडे सरकलेले, जेथे ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि त्यांच्या भोवतीच्या उंच इमारती उभ्या आहेत. १९९७ मध्ये खराडीचा समावेश पुणे महापालिकेत झाला, तेव्हा हा बहुतांश शेतीचा भाग होता. पुढील पंचवीस वर्षांत येथे नोकऱ्या आल्या, नोकऱ्यांमागून घरे आली. रस्ते मात्र गावकीच्या काळातील वाटा रुंद करून तयार झाले. त्यामुळे आतील भागातून बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या राहिल्या आणि त्या सगळ्या अखेरीस नगर रस्त्याला किंवा मुंढव्याकडे जाणाऱ्या बायपासलाच मिळतात.

रामवाडी–वाघोली मार्गिकेवरील स्थानकांची नावे वाचली, तरी तिचा स्वभाव कळतो. विमाननगर, सोमनाथनगर, खराडी बायपास, तुळजाभवानीनगर, उबाळेनगर, अप्पर खराडी रस्ता आणि पुढे वाघेश्वर मंदिरापासून विठ्ठलवाडीपर्यंत. ही मार्गिका नगर रस्त्याची सोबत सोडत नाही. त्यात वावगे काही नाही. उन्नत मार्गाला रुंद रस्ता लागतो आणि भूसंपादन टाळायचे, तर महामार्गाचाच आधार घ्यावा लागतो. पण त्याचा अर्थ असा की, महामार्गाकडच्या खराडीला मेट्रो दारात मिळेल आणि नदीकडच्या खराडीला ती दोन-तीन किलोमीटरवर दिसेल. चौथ्या मार्गिकेमुळे यांतील काही वस्त्यांचे अंतर कमी होईल. तरीही आतल्या अनेक सोसायट्या आणि कंपन्या पायी जाण्याच्या टप्प्याबाहेरच राहतील.

दोन-तीन किलोमीटर हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते. प्रत्यक्षात दुचाकी घ्यायची की मेट्रो, हा निर्णय याच अंतरात होतो. पुणे मेट्रोचे तिकीट १० ते ३५ रुपये आहे. स्थानकावर उतरल्यावर रिक्षासाठी त्याहून अधिक पैसे मोजावे लागणार असतील, तर महिन्याच्या हिशेबात दुचाकीच स्वस्त पडते. संगणक अभियंत्याला कंपनीची बस मिळते किंवा तो स्वतःच्या मोटारीने येतो. त्याच इमारतीतील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उपाहारगृहातील मुले आणि सोसायट्यांत घरकामाला येणाऱ्या स्त्रिया यांना हा हिशेब रोज करावा लागतो. मेट्रोची खरी गरज ज्यांना आहे, त्यांच्यासाठी शेवटचा टप्पाच सर्वांत महाग ठरू नये.

स्थानकांमधील अंतराचा धडा

एखादी मार्गिका परिसराला कितपत उपयोगी पडते, हे तिच्या लांबीपेक्षा स्थानकांमधील अंतरावरून अधिक कळते. याचा धडा पुण्यातच, स्वारगेट–कात्रज भुयारी मार्गाने दिला आहे. ५.४६ किलोमीटरच्या या विस्ताराला १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने मान्यता दिली, तेव्हा त्यावर केवळ तीन स्थानके होती. म्हणजे सरासरी पावणेदोन किलोमीटरहून अधिक अंतरावर एक स्थानक. सातारा रस्त्यावरील दाट वस्तीच्या पोटातून मेट्रो जाणार आणि तेथील रहिवाशांनी मात्र पुढच्या स्थानकापर्यंत चालत जायचे, असा तो प्रकार होता. नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी व बालाजीनगर या दोन वाढीव स्थानकांना मंजुरी दिली. त्यासाठी सुमारे ६८३ कोटी रुपयांचा जादा खर्च मान्य करावा लागला. परिसराची गरज आराखड्याच्या टप्प्यावर न ओळखल्यास ती पुढे अधिक खर्च करून मान्य करावी लागते, असे हे उदाहरण सांगते.

या तुलनेत खराडीची बाजू बरी आहे. रामवाडी–वाघोली विस्तारावर सरासरी एक किलोमीटरला एक स्थानक आहे. चौथ्या मार्गिकेच्या खराडी–खडकवासला भागात २५.५ किलोमीटरमध्ये २२ स्थानके आहेत, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटरच्या आत एक. खर्चातील तफावतही लक्षात घेण्यासारखी आहे. कात्रजच्या भुयारी मार्गाचा मूळ मंजूर खर्च किलोमीटरमागे सुमारे ५४१ कोटी रुपये पडतो. वाघोली व चांदणी चौकाच्या विस्ताराचा सुमारे २८४ कोटी आणि चौथ्या मार्गिकेचा सुमारे ३१२ कोटी. उन्नत मार्ग निवडल्याने किलोमीटरमागे जवळपास निम्मा पैसा वाचतो. नगर रस्त्याखालून भुयारी मेट्रो न्यावी, असा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यायला हवा. मात्र वाचलेल्या पैशाचा काही अंश जमिनीवरील सोयींसाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरणे, हेही तितकेच रास्त आहे.

एका चौकात किती खांब?

खराडीच्या साऱ्या प्रश्नांची गाठ बायपास चौकात आहे. नगर रस्ता आणि मुंढव्याहून येणारा बायपास येथे मिळतात. दुसरी मार्गिका आणि चौथी मार्गिका यांची अदलाबदलही खराडी बायपास येथेच व्हायची आहे. हडपसर रेल्वे स्थानक, मगरपट्टा आणि स्वारगेट यांच्याशी खराडी थेट जोडली जाणार ती याच मार्गिकेने. आजवर या प्रवासासाठी नदी ओलांडून मुंढव्याच्या कोंडीतून वाट काढावी लागत असल्याने, खराडीला रामवाडीपेक्षाही हडपसरची जोडणी अधिक मोलाची ठरू शकते. मुंबईतील वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. ती जेमतेम ११.४ किलोमीटरची आहे. तरीही पश्चिम आणि मध्य अशा दोन उपनगरी रेल्वेमार्गांना जोडत असल्याने ती लाखोंच्या रोजच्या गरजेची झाली. मेट्रोचे बळ असे सांध्यांत असते.

परंतु याच पट्ट्यात महाराष्ट्र राज्य पायाभूत विकास महामंडळाच्या पुणे ते शिरूर या ५४ किलोमीटरच्या उन्नत मार्गाचेही नियोजन आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर मेट्रोचे खांब, उन्नत रस्त्याचे खांब, दोन मार्गिकांना जोडणारे पादचारी पूल, स्थानकांचे जिने आणि या सर्वांखालून रोजची वाहतूक. यांचा आराखडा एकत्र झाला नाही, तर काय घडते, हे पुणेकरांनी विद्यापीठ चौकात अनुभवले आहे. तेथील उड्डाणपूल हिंजवडी मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडण्यात आला. नव्या पुलाची पहिली बाजू वाहतुकीस खुली व्हायला २०२५ उजाडले. मधली पाच वर्षे त्या चौकाने जे सोसले, ते खराडीच्या वाट्याला येऊ नये.

येरवड्याचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. रामवाडीपर्यंतची मार्गिका मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तरी येरवडा स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये उघडले. स्थानकाचा जिना नगर रस्त्यावर उतरत असल्याने त्याची रचना बदलावी लागली होती. काही महिने गाड्या येरवड्यावरून न थांबता जात राहिल्या. शेकडो कोटींच्या प्रकल्पात जिना कोठे उतरवायचा, ही बाब क्षुल्लक वाटते. पण प्रवाशाच्या लेखी मेट्रो म्हणजे तो जिनाच असतो.

ना बीआरटी, ना मेट्रो

सर्वांत कठीण आहेत ती मधली वर्षे. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बसगाड्यांसाठी स्वतंत्र बीआरटी मार्ग सुरू झाला होता. त्याच्या रचनेत दोष होते, देखभाल अपुरी होती आणि खासगी वाहनांची घुसखोरी कधीच थांबली नाही. अपघात आणि कोंडीचे कारण देत २०२३ च्या अखेरीपासून त्याचा मोठा भाग टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिल्या बीआरटीचा प्रयोग करणाऱ्या शहरात हे घडले. बीआरटी चांगली की वाईट, हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. बससाठी राखलेली जागा इतर वाहनांना मिळाली आणि बसप्रवाशांच्या वाट्याला पुन्हा सामायिक कोंडी आली. मेट्रो वेळेत आली, तरी ती २०२९-३० च्या आधी येणार नाही. त्यातच बांधकामासाठी रस्त्याचा मधला भाग अडविला जाईल. म्हणजे सध्याची कोंडी कमी होण्याआधी वाढणार, हे उघड आहे.

सरकारी अंदाजही या वास्तवाशी जुळवून घ्यायला हवेत. वाघोली आणि चांदणी चौक विस्तारांमुळे २०२७ मध्ये रोज ९६ हजार प्रवाशांची भर पडेल, असा अंदाज मंजुरीच्या वेळी देण्यात आला. चौथ्या मार्गिकेवर जोडमार्गिकेसह २०२८ मध्ये ४ लाख ९ हजार प्रवासी अपेक्षित धरले आहेत. परंतु चार वर्षांची मुदत जून २०२५ पासून मोजली तर २०२९ येते आणि पाच वर्षांची नोव्हेंबर २०२५ पासून मोजली तर २०३० चा शेवट. ज्या वर्षीचे प्रवासी मोजले आहेत, त्या वर्षी मार्गच तयार नसेल. पहिल्या टप्प्याची सव्वासात वर्षे लक्षात घेता, ही तफावत आणखी वाढू नये, याची दक्षता आत्ताच घ्यावी लागेल.

बंगळुरूचा अनुभव येथे उद्बोधक आहे. खराडीसारखेच माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे उपनगर असलेल्या व्हाइटफील्डला मार्च २०२३ मध्ये मेट्रो मिळाली. पण कृष्णराजपुरम ते बैयप्पनहळ्ळी हा सुमारे दोन किलोमीटरचा दुवा अपुरा होता. त्यामुळे प्रवाशांना मध्येच उतरून पूरक बसने पुढच्या स्थानकावर जावे लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो दुवा जोडला गेला, तेव्हाच ही मार्गिका शहराच्या मध्यभागाशी अखंड झाली. जवळपास चौदा किलोमीटरचा नवा मार्ग दोन किलोमीटरच्या खंडामुळे लंगडा पडतो. रामवाडी ते खराडी हा आजचा खंड त्याहून मोठा आहे आणि तो निदान चार वर्षे राहणार आहे.

जबाबदारी कोणाची?

हा खंड भरून काढायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. रामवाडी स्थानकावरून खराडीच्या आतल्या रस्त्यांवर दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस, मेट्रोच्या वेळापत्रकाशी जुळलेली आणि एकाच तिकिटावर चालणारी, एवढे पुरेसे आहे. पण मेट्रो महामेट्रोची, बस पीएमपीची, रस्ता आणि पदपथ महापालिकेचे, हिंजवडी मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आणि उन्नत मार्ग आणखी एका महामंडळाचा. महामेट्रोत केंद्र आणि राज्य यांचा निम्मा-निम्मा वाटा. पीएमपी २००७ मध्ये स्थापन झाली ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या ६०:४० भागीदारीतून. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, प्रत्येकाचे प्राधान्य वेगळे. प्रवासी मात्र एकच असतो.

२०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो रेल्वे धोरणाने ही अडचण आधीच हेरली होती. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरचे क्षेत्र हे त्याचे सेवाक्षेत्र मानावे आणि तेथे पूरक बससेवा, पदपथ व सायकलमार्ग पुरविण्याची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यावी, असे हे धोरण सांगते. खराडीचा बहुतेक भाग या पाच किलोमीटरमध्ये येतो. म्हणजे आतल्या भागासाठी बस मागणे ही राज्याकडे केलेली विनंती नव्हे. प्रकल्प मंजूर करताना स्वीकारलेल्या अटीची ती आठवण आहे.

शिवाय या मेट्रोची किंमत खराडीकर आधीच मोजत आहेत. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर खरेदी करणाऱ्याला मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. ८० लाखांच्या सदनिकेमागे ही रक्कम ८० हजार रुपये होते. खराडी आणि वाघोलीच्या पट्ट्यात त्या वर्षापासून ज्यांनी घर घेतले, त्यांनी मेट्रोचे पहिले तिकीट रुळ पडण्याआधीच काढले आहे. त्या पैशाच्या बदल्यात निदान चालण्यायोग्य पदपथ मागण्याचा हक्क त्यांना आहे.

हा हक्क मांडायचा कोणापुढे, ही अडचण काही काळ होती. वाघोलीचा समावेश महापालिकेत झाला तो जून २०२१ मध्ये. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०२२ मध्ये, सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. पूर्व पुण्याच्या वाहतुकीचे मोठे निर्णय, बीआरटी काढण्यापासून मेट्रोच्या मंजुरीपर्यंत, याच काळात झाले आणि त्यांवर महापालिका सभागृहात चर्चा होऊ शकली नाही. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. त्यामुळे आता प्रश्न विचारण्याची जागा पुन्हा उपलब्ध झाली आहे.

आधी काय हवे?

तीन गोष्टी बांधकाम संपण्याची वाट न पाहता करता येतील. पहिली, रामवाडी ते खराडीचा आतील भाग आणि हडपसर ते खराडी अशी पूरक बससेवा. तिच्यासाठी गर्दीच्या वेळी नगर रस्त्यावर राखीव मार्गिका देण्याचाही विचार व्हावा. मेट्रो येण्याआधी ही बस रुजली, तर मेट्रोला पहिल्या दिवसापासून प्रवासी मिळतील. दुसरी, खराडी बायपास चौकाचा एकच संयुक्त आराखडा. त्यात दोन्ही मार्गिकांची स्थानके, उन्नत मार्ग, बसथांबे, रिक्षातळ आणि प्रत्येक जिन्याची जागा कामाचे कार्यादेश निघण्यापूर्वी निश्चित करावी आणि तो नागरिकांना पाहण्यासाठी खुला ठेवावा. तिसरी, प्रत्येक स्थानकापासून किमान अर्ध्या किलोमीटरच्या परिघात सलग, अतिक्रमणमुक्त आणि रात्री उजेड असलेले पदपथ. आयटी कंपन्यांतील पाळ्या रात्री-अपरात्री सुटतात. अंधाऱ्या वाटेने स्थानक गाठावे लागले, तर स्त्रिया मेट्रोकडे वळणार नाहीत.

खराडीला मेट्रो मिळणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती मिळाल्यावर नगर रस्त्यावरील मोटारी कमी होतील, की मोटारींच्या डोक्यावरून अर्ध्या रिकाम्या गाड्या धावतील, हा प्रश्न खुला आहे. त्याचे उत्तर खांबांवर नव्हे, खांबांच्या पायथ्याशी ठरेल. त्यासाठी लागणारा खर्च चौथ्या मार्गिकेच्या एका किलोमीटरच्या खर्चाशीही ताडून पाहावा, म्हणजे निर्णय किती सोपा आहे हे लक्षात येईल. मुंढव्याच्या पुलावर अडकून पडलेल्या प्रवाशाला २०३० च्या उद्घाटनाइतकीच पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू होणाऱ्या बसचीही गरज आहे.